वेदनेचे निदान

१

दलित साहित्याची चर्चा निघाली की वेदना, नकार आणि विद्रोह हे तीन शब्द एका दमात उच्चारले जातात. यांपैकी नकार आणि विद्रोह यांवर आपल्या समीक्षेने पुष्कळ शाई खर्च केली. वेदना मात्र गृहीत धरली गेली. ती आहेच, ती शेकडो वर्षांची आहे, ती सर्वांना ठाऊक आहे, असे म्हणून आपण पुढच्या दोन शब्दांकडे वळतो. परंतु वेदनेलाही इतिहास असतो, आणि तो दुहेरी असतो. माणसाला काय सोसावे लागले हा एक इतिहास. जे सोसावे लागले त्याचा अर्थ त्याला कोणी आणि कसा सांगितला, हा दुसरा. पहिला इतिहास आपल्या आत्मकथनांनी लिहिला. दुसऱ्याकडे आपले लक्ष कमी गेले आहे.

पायात काटा रुतला तर माणूस काटा शोधतो आणि काढून टाकतो. तेथे तत्त्वज्ञानाची गरज पडत नाही. पण तान्हे मूल तापाने दगावते, पाणवठ्यावर मार खावा लागतो, दिवसभर राबूनही चूल थंड राहते, तेव्हा माणूस विचारतो : हे माझ्याच वाट्याला का? हा प्रश्न शरीराचा राहत नाही. येथून अध्यात्माचा प्रांत सुरू होतो. आणि या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो, त्याच्या हाती समाजाच्या नाड्या येतात. वैद्याचे निदान चुकले तर चांगल्या औषधानेही गुण येत नाही. निदानच रोग्याला रोगी ठेवण्यासाठी केलेले असेल, तर औषधाचे विष होते.

अस्पृश्यांच्या वेदनेचे निदान शेकडो वर्षे एकाच वैद्याने केले. ते निदान काय होते, ते कोणी कोणी नाकारले आणि त्याच्या जागी कोणते निदान आले, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे. प्रश्न केवळ जुन्या ग्रंथांचा नाही. जुने निदान आजही आपल्या घरात, दवाखान्यात आणि वसतिगृहात जिवंत आहे.

२

कर्मविपाकाच्या सिद्धान्तातली मेख ही की तो वेदनेचा अर्थ सांगताना वेदना भोगणाऱ्यालाच आरोपी करतो. छांदोग्य उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात सांगितले आहे की, ज्यांचे आचरण चांगले ते ब्राह्मण, क्षत्रिय किंवा वैश्य योनीत जातात. ज्यांचे आचरण वाईट ते कुत्र्याच्या, डुकराच्या किंवा चांडाळाच्या योनीत जातात. चांडाळ येथे माणसांच्या रांगेत नाही, तो कुत्र्या-डुकरांच्या रांगेत आहे, ही गोष्ट पुष्कळांनी दाखविलेली आहे. दुसरी गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. चांडाळाचे दुःख हे येथे दुःख राहिलेलेच नाही. ते शिक्षा झाले आहे. शिक्षा भोगणाऱ्याची कोणी कीव करील, पण त्याला सोडविण्यासाठी कोणी धावत नाही, कारण शिक्षा न्याय्य असते असे धरून चाललेले असते.

मनुस्मृतीने हाच हिशेब रोगांनाही लावला. अकराव्या अध्यायात पूर्वजन्मीच्या पापांची शरीरावर उमटणारी चिन्हे दिली आहेत. सोने चोरणाऱ्याची नखे बिघडतात, मद्य पिणाऱ्याचे दात काळे होतात, ब्रह्महत्या करणाऱ्याला क्षय होतो. बाराव्या अध्यायात तोच ब्रह्महत्यारा कुत्रा, डुक्कर, गाढव, उंट यांच्याबरोबर चांडाळ आणि पुक्कस यांच्या योनीत जन्म घेतो. म्हणजे क्षय आणि चांडाळाचा जन्म ही दोन्ही एकाच वहीतली, एकाच गुन्ह्याखालची खाती आहेत. रोगी आणि अस्पृश्य या दोघांनाही या वहीत गुन्हेगार म्हणून जागा मिळाली.

या व्यवस्थेचे बळ तिच्या तर्कात नाही, ती तपासता येत नाही यात आहे. मागचा जन्म कोणी पाहिला? ज्या गुन्ह्याची आठवण आरोपीला नाही, ज्याचा साक्षीदार नाही, ज्यावर अपील नाही, अशा गुन्ह्याची शिक्षा जन्मभर भोगायची, आणि ती मुकाट्याने भोगली तर पुढच्या जन्मी सुटका होईल या आशेवर मरायचे. तलवारीने माणूस दबतो, पण संधी मिळताच उठतो. स्वतःला अपराधी मानणारा माणूस उठण्याआधी स्वतःचीच परवानगी मागतो, आणि ती त्याला मिळत नाही.

३

या निदानाखाली जगलेल्या एका थोर माणसाचे उदाहरण आपल्याच मातीत आहे. चौदाव्या शतकातले चोखामेळा मंगळवेढ्याचे. गावकुसाचे बांधकाम चालू असताना ते कोसळले आणि त्याखाली इतर मजुरांबरोबर १३३८ साली त्यांचा अंत झाला, असे परंपरा सांगते. ज्यांना गावकुसाबाहेर राहावे लागत होते त्यांनीच गावकूस बांधायचे आणि त्याखालीच चिरडून मरायचे, हे दृश्य आपल्या इतिहासाविषयी पुष्कळ काही सांगून जाते. त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वारासमोर आहे. दारापर्यंत पोहोचलेल्या या संताला दाराच्या आत जाता आले नाही. पंढरपूरचे ते दार अस्पृश्यांसाठी उघडायला मे १९४७ उजाडावा लागला, आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषणास बसावे लागले.

चोखामेळ्यांच्या नावावरच्या एका अभंगात ते आपल्या जन्माचे कारण सांगतात. पूर्वजन्मी आपण नीळ होतो, आपल्या हातून कृष्णाची अवज्ञा झाली, म्हणून महाराचा जन्म आला, असा त्याचा आशय आहे. जुने निदान येथे रोग्याने स्वतःच्या तोंडाने उच्चारले आहे. तथापि चोखामेळ्यांची थट्टा करण्याचा अधिकार आपल्याला नाही. नामस्मरणाने त्यांना दिलासा मिळाला, तो खरा होता. ज्याला माणसांनी दूर लोटले त्याला एक हक्काचा श्रोता मिळाला. त्याच चोखामेळ्यांनी आणि त्यांच्या पत्नी सोयराबाई यांनी विटाळाच्या कल्पनेची चिरफाडही केली आहे. सारे देह विटाळातूनच जन्मतात, मग शुद्ध कोण, असा त्यांचा सवाल आहे. त्यांचे चिरंजीव कर्ममेळा यांचा सूर तर आणखी तिखट. आम्हाला हीन जातीत घातलेस, जन्मभर उष्टे खायला लावलेस, याची तुलाच लाज वाटायला हवी, असे ते थेट देवाला सुनावतात.

एकाच घरात, बाप आणि लेक यांच्यामध्ये निदान बदलू लागले होते. बाप दोष स्वतःच्या पूर्वजन्माकडे नेतो, मुलगा तो देवाच्या दारात नेऊन टाकतो. पण देवाच्या दारातून तो माणसांच्या दारात यायला आणखी पाचशे वर्षे लागली. भक्तीने वेदनेला वाचा दिली, दिलासा दिला. उपाय तिच्याजवळ नव्हता, कारण निदान तिला बदलता आले नाही. बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेला अस्पृश्यांच्या मूळविषयीचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. संतांच्या मार्गाने अस्पृश्यता हटली नाही असे परखडपणे सांगणाऱ्या बाबासाहेबांनीच हे अर्पण केले, हे आपण विसरता कामा नये.

४

निदान बदलल्याची लेखी नोंद १८५५ सालची आहे. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी मांग समाजातली सुमारे चौदा वर्षांची मुक्ता साळवे हिने निबंध लिहिला. तो त्या वर्षी फेब्रुवारी आणि मार्चमध्ये 'ज्ञानोदय'च्या दोन अंकांत छापून आला. 'मांग महारांच्या दुःखाविषयी' हे त्याचे नाव. दुःख हा शब्द मथळ्यातच आहे. आणि त्या दुःखाचे कारण म्हणून पूर्वजन्म पुढे केलेला नाही. मुक्ता गोष्टी सांगते त्या ठिकाणांसह आणि माणसांसह. इमारतीच्या पायात तेल-शेंदूर पाजून पुरलेली माणसे. पेशवाईत तालीमखान्यापुढून गेला म्हणून मांग-महाराचे शीर मारून गुलटेकडीच्या मैदानात त्याचा केलेला चेंडू. अंगावर छप्पर नसताना, थंडी-पावसात बाळंत होणाऱ्या बाया. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचा धर्म कोणता, असा प्रश्न ती देवापुढे मांडते. आणि शेवटी आपल्या माणसांना दरिद्री आणि रोगी म्हणून हाक मारून ती औषध सांगते : ज्ञान.

रोगी, रोगाचे कारण आणि औषध या तिन्ही गोष्टी या निबंधात आहेत. आणि शोधूनही त्यात रोग्याचा अपराध सापडत नाही. अस्पृश्यांच्या वेदनेच्या इतिहासातले हे पहिले नवे निदानपत्र आहे, असे म्हणण्यास मला संकोच वाटत नाही. ते एका शाळकरी मुलीच्या हातचे आहे.

त्याच १८५५ साली जोतीरावांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालून लुबाडणारा जोशी हा त्याचा विषय. बाईची काळजी खरी आहे. पोटातल्या जिवाला काही होईल का, ही भीती कोणत्याही आईची असते. जोशी त्या भीतीवर ग्रहांचे निदान चढवतो आणि त्याची किंमत वसूल करतो. अध्यात्माचा बाजार कसा चालतो हे यापेक्षा थोडक्यात सांगणे कठीण आहे. दुःख खरे असते, निदान खोटे असते, आणि दक्षिणा रोख असते.

रोगाच्या बाबतीत तर आपली भाषाच या निदानाने भरलेली होती. अंगावर फोड आले की 'देवी आल्या' असे म्हणत. पटकीची साथ आली की मरीआईचा कोप झाला म्हणत, आणि तो शमविण्याचे काम महार-मांगांकडे असे. पोतराज स्वतःच्या उघड्या अंगावर कोरडा ओढी. गावावर आलेले दुःख गावकुसाबाहेरच्या माणसाने स्वतःच्या कातडीवर झेलावे, अशी ही विभागणी होती. पटकीचे विष पाण्यातून पसरते हे लंडनमध्ये जॉन स्नो यांनी १८५४ च्या साथीत एका पंपाचा माग काढून दाखविले. तिचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८३-८४ मध्ये ओळखला. देवीच्या रोगाचे १९८० साली जगातून निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. कोणत्याही देवीने कौल दिला नव्हता. लस पोहोचली होती, आणि ती गावकुसाबाहेरही पोहोचली होती.

सावित्रीबाईंचा मृत्यू १० मार्च १८९७ रोजी झाला, तो पुण्यातल्या प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना झालेल्या लागणीने. प्लेग हा कोणाचा कोप आहे याची चर्चा करण्यापेक्षा रोग्याजवळ जाणे त्यांना महत्त्वाचे वाटले. वेदनेकडे पाहण्याची ही एक वेगळी आध्यात्मिक दृष्टीच होती. तिने त्यासाठी स्वतःला अध्यात्म म्हणवून घेतले नाही, एवढेच.

५

मग २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायले गेले. नंतर सवर्णांनी पंचगव्य ओतून ते तळे 'शुद्ध' केले. पाण्याने पटकी होते हे विज्ञानाने सांगून चाळीस वर्षे उलटली होती, आणि येथे माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते म्हणून गोमूत्र ओतले जात होते. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जाळली गेली. ज्या ग्रंथात रोग आणि जात ही दोन्ही पापाची फळे म्हणून लिहिलेली होती, तो ग्रंथ जाळणे म्हणजे जुने निदानपत्र फाडून टाकणे होते. चवदार तळ्याचा दावा मुंबई उच्च न्यायालयात १९३७ साली अस्पृश्यांच्या बाजूने निकालात निघाला. दहा वर्षे लागली, पण ही दहा वर्षे याच जन्मातली होती.

वेदनेला शिक्षा मानण्याची सवय किती खोल असते, हे १९३४ साली दिसले. १५ जानेवारीला बिहारमध्ये प्रचंड भूकंप होऊन हजारो माणसे मेली. अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने केलेली ही शिक्षा आहे, असे गांधीजींनी सांगितले. हेतू अस्पृश्यतेविरुद्ध होता. तरीही रवींद्रनाथ ठाकुरांनी त्यास जाहीर विरोध केला. निसर्गातल्या घटनेला नैतिक शिक्षा ठरवणे हा अविचार आहे, असे त्यांचे म्हणणे. आपण त्यात आणखी एक प्रश्न घालू शकतो. त्या भूकंपात अस्पृश्यही मेले. त्यांना कोणत्या पापाची शिक्षा झाली? अस्पृश्यता सोसण्याच्या? चांगल्या हेतूने वापरले तरी हे हत्यार शेवटी मार खाणाऱ्याकडेच वळते, ते असे.

६

बुद्धाकडे वळण्यापूर्वी वेदना या शब्दाकडे पाहिले पाहिजे. मराठीत वेदना म्हणजे यातना. पालीत मात्र वेदना म्हणजे अनुभव, संवेदन. ती सुखाची असते, दुःखाची असते, दोन्ही नसलेलीही असते. शब्दाचे मूळ 'विद्' म्हणजे जाणणे. 'वेद' शब्दाचेही मूळ तेच. ज्यांना वेद नाकारला गेला त्यांच्या वाट्याला वेदना आली, असे म्हणणे केवळ शब्दाचा खेळ ठरणार नाही. वेदना हेही जाणणेच आहे. समाज खालून कसा दिसतो हे ज्याला दुखते त्याला कळते. म्हणून तर मुक्ता साळवेचा निबंध आज इतिहासाचे साधन म्हणून वाचला जातो.

पाली वाङ्मयातल्या संयुत्तनिकायात वेदना-संयुत्त नावाचा एक विभागच आहे. त्यातल्या एका सुत्तात मोळियसीवक नावाचा परिव्राजक राजगृहाला येऊन बुद्धाला विचारतो : माणूस जे काही सुखदुःख भोगतो ते सारे पूर्वकर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, आपले मत काय? बुद्ध सांगतो की काही वेदना पित्ताने होतात, काही कफाने, काही वाताने, काही तिन्हींच्या मिश्रणाने, काही ऋतू बदलल्याने, काही देहाची नीट निगा न राखल्याने, काही अकस्मात घाव बसल्याने, आणि काही कर्माच्या फळाने. तेव्हा सारे पूर्वकर्मामुळेच असे म्हणणारे लोक जगाला ठाऊक असलेल्या गोष्टींच्या पलीकडे धाव घेतात. आठ कारणांत कर्माला शेवटची एक जागा आहे. पहिल्या सात जागा शरीर, हवामान, निगा आणि मार यांच्या आहेत.

त्याच विभागात दोन बाणांचा दृष्टान्त आहे. अडाणी माणसाला दुःख झाले की तो शोक करतो, छाती पिटतो. जणू एक बाण लागला असताना त्याला दुसरा लागतो. जाणत्याला पहिला बाण लागतो, दुसरा लागत नाही. हा दृष्टान्त आज ध्यानधारणेच्या वर्गांतून पुष्कळ ऐकवला जातो. अस्पृश्याच्या बाबतीत मात्र हिशेब येथे संपत नाही. त्याला तिसरा बाणही लागलेला असतो. मार हा पहिला, मनाचा जाळ हा दुसरा, आणि 'हे तुझ्याच पापाचे फळ' हा तिसरा. पहिल्या दोन बाणांची चिकित्सा करून तिसरा तसाच ठेवणारे अध्यात्म आपल्या उपयोगाचे नाही.

येथे प्रामाणिक राहिले पाहिजे. मज्झिमनिकायात अल्पायुष्य, रोगीपण आणि हीन कुळातला जन्म ही पूर्वकर्माची फळे म्हणून सांगणारे सुत्तही आहे. म्हणजे बौद्ध ग्रंथांतही जुने निदान शिरलेले आहे. बाबासाहेबांना हे माहीत होते, आणि त्यांनी ते झाकले नाही.

७

मे १९३६ मध्ये मुंबईच्या महार परिषदेत 'मुक्ती कोन पथे?' हे भाषण करताना बाबासाहेबांनी धर्मांतराच्या प्रश्नाच्या दोन बाजू मांडल्या : एक व्यावहारिक, दुसरी आध्यात्मिक. त्यातली एकच बाजू घेऊन चालणारे दोन्ही प्रकारचे लोक आपल्याकडे आहेत. बाबासाहेब मात्र दोन्ही घेऊन वीस वर्षे चालले. मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने शरीर खचत असताना त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ पुरा केला. ६ डिसेंबर १९५६ नंतर, १९५७ साली तो प्रसिद्ध झाला.

त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी चार प्रश्न उभे केले. त्यांपैकी दोन आपल्या विषयाच्या गाभ्याचे आहेत. पहिला : म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही कथा पटण्यासारखी आहे का? एकोणतीस वर्षांच्या माणसाने ही दृश्ये त्यापूर्वी पाहिलीच नव्हती काय? धर्मानंद कोसंबी यांनी आपल्या 'भगवान बुद्ध' या मराठी ग्रंथात अत्तदंड सुत्ताच्या आधारे या कथेविषयी वेगळा विचार मांडला होता. बाबासाहेबांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात पेटलेला तंटा हे गृहत्यागाचे कारण म्हणून मांडले. युद्धाला विरोध केल्यामुळे सिद्धार्थाला परिव्रज्या घ्यावी लागली. पुढे तंटा मिटल्याचे कळल्यावरही तो परतला नाही, कारण राष्ट्रांचे युद्ध अधूनमधून होते, वर्गावर्गांतला संघर्ष मात्र अखंड चालतो आणि जगातल्या दुःखाचे मूळ तेथे आहे, हे त्याच्या ध्यानात आले. पाण्याचा तंटा! महाडच्या माणसांना ही कथा समजावून सांगावी लागत नाही.

दुसरा प्रश्न अधिक धीट होता. जन्म दुःख, जरा दुःख, मरण दुःख एवढेच सांगायचे असेल तर माणसाला आशा कोठून यायची? चार आर्यसत्ये जशी सांगितली जातात तशी मूळ शिकवणीत होती का, असे बाबासाहेबांनी विचारले. यावरून त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली. पण ज्या समाजाला शेकडो वर्षे 'दुःख हे तुझ्या जन्मातच आहे' असे सांगितले गेले, त्याला नव्या धर्मानेही तेच सांगितले तर तो नवा कसा? बाबासाहेबांनी भर दुःखाच्या निवारणावर दिला. कर्माविषयी त्यांनी स्पष्ट म्हटले की पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त मांडण्यात एकच हेतू दिसतो, दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी राज्याने आणि समाजाने झटकून टाकावी हा. बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना तर दुःख या शब्दाच्या जागी पिळवणूक हा शब्द घालून पाहा, असे त्यांनी सुचविले.

आणि पाली ग्रंथांतल्या विसंगतींचे काय? बाबासाहेबांनी कसोटी दिली. बुद्ध बुद्धिवादी होता, तेव्हा जे तर्काला धरून आहे ते त्याचे मानता येईल. आणि माणसाच्या कल्याणाशी ज्याचा संबंध नाही अशा चर्चेत तो कधी पडला नाही. या कसोटीवर तिसरा बाण टिकत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांनी ज्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्या वेदनेच्या इतिहासाच्या दृष्टीने पुन्हा वाचल्या पाहिजेत. श्राद्ध आणि पिंडदान करणार नाही, ही एक प्रतिज्ञा. मृत्यूच्या दुःखावर बसलेला दलाल तिने उठवला. आज माझा नवा जन्म होत आहे, ही दुसरी. कर्मविपाकाने पुनर्जन्म मरणानंतर ठेवला होता, आणि तोही मुकाट्याने सोसण्याचे बक्षीस म्हणून. येथे माणसांनी तो जिवंतपणी, उभ्याने, स्वतःच्या तोंडाने घेतला. मागच्या जन्माचे खाते त्या क्षणी बंद झाले.

८

ते खाते पुन्हा उघडण्याचे प्रयत्न थांबलेले नाहीत. मैला उपसणे ही वाडवडिलांकडून आलेली सेवा आहे, तिच्यात आध्यात्मिक समाधान आहे, असे सांगणारे आजही भेटतात. हाताने मैला उचलण्याविरुद्ध १९९३ साली एक आणि २०१३ साली दुसरा कायदा झाला. गटारात मेलेल्यांच्या वारसांना दहा लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये आणि तीस लाख द्यावेत असे २०२३ मध्ये सांगितले. तरीही माणसे गटारात उतरतात आणि मरतात. ती विषारी वायूने मरतात, दोर आणि मुखवटा न देणाऱ्या ठेकेदारामुळे मरतात. सीवकाला दिलेल्या यादीत या मरणाची जागा 'निगा न राखल्याने' आणि 'घाव बसल्याने' या खात्यांत आहे.

हे झाले बाहेरच्या शत्रूचे. आपल्या चळवळीतही एक उणीव आहे. सामाजिक कारण सापडले की मनाच्या दुःखाची चौकशी संपली, असे आपण मानतो. रडणाऱ्या कार्यकर्त्याला आपण दुबळा म्हणतो. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला या संशोधक विद्यार्थ्याने आत्महत्या केली. वसतिगृहातून निलंबित झाल्यावर तो आणि त्याचे सोबती उघड्यावर राहत होते, आणि त्या जागेला त्यांनी 'वेलिवाडा', म्हणजे गावाबाहेरची वस्ती, असे नाव दिले होते. आपला जन्म हाच आपल्याला झालेला घातक अपघात, असे त्याने मागे लिहून ठेवले. चोखामेळा जन्माला पापाचे फळ म्हणाले, रोहितने अपघात म्हटले. पाप हा शब्द गेला, हे खरे. पण जन्माचा डाग गेला नाही, आणि सारे वाचलेल्या, सारे समजलेल्या तरुणाला तो एकट्याने सोसावा लागला. त्याच्या मरणानंतर देशभर मोर्चे निघाले, ते निघायलाच हवे होते. वसतिगृहात नव्याने आलेल्या मुलाजवळ पहिल्या सहामाहीत कोण बसते, हा प्रश्न मात्र मोर्चाने सुटत नाही.

अट्ठकथेत किसा गोतमीची गोष्ट आहे. मेलेले मूल कवटाळून ती औषध मागत फिरते. ज्या घरी कोणी मेले नाही त्या घरची मोहरी आण, असे बुद्ध सांगतो. दारोदार फिरून तिला कळते की असे घर नाही. कर्माचा सिद्धान्त दुःखाला ज्याच्या त्याच्या वैयक्तिक खात्यावर टाकतो. मोहरीच्या शोधाने ते दुःख सर्वांचे झाले. एक गोष्ट मात्र आपण जोडली पाहिजे. किसा गोतमीला प्रत्येक उंबरठ्यावर उभे राहता आले. आपल्या आज्या-पणज्यांना ते करता आले नसते. दुःखात माणसे एक होण्यासाठी आधी दारे उघडी असावी लागतात. म्हणून पाण्याचा लढा, मंदिराचा लढा, गावकूस मोडण्याचा लढा हे अध्यात्माबाहेरचे नव्हते. सांत्वन शक्य व्हावे याचीच ती पूर्वतयारी होती.

विनयपिटकात आणखी एक प्रसंग आहे. हगवणीने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडून होता. तो दुसऱ्यांच्या कामाचा नव्हता, म्हणून कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. बुद्धाने आनंदाकडून पाणी आणवले. बुद्धाने पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, आणि दोघांनी त्याला उचलून बिछान्यावर ठेवले. मग बुद्धाने भिक्खूंना सांगितले की ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने रोग्याची सेवा करावी. त्या भिक्खूच्या पूर्वजन्माची चौकशी त्याने केली नाही.

आपल्या प्रत्येक वस्तीत आज विहार आहे. तेथे वंदना होते, जयंतीची वर्गणी गोळा होते, निवडणुकीच्या बैठकाही होतात. त्याच विहाराच्या फळ्यावर दर आठवड्याला आणखी दोन याद्या लिहायला काय हरकत आहे? या वस्तीत कोण आजारी आहे, आणि कोणाचे मूल शिकायला परगावी एकटे गेले आहे. ज्या दुःखाचे कारण माणसांनी निर्माण केले आहे ते हटवण्यासाठी संघटना आहे, न्यायालय आहे, रस्ता आहे. जे कोणालाच हटवता येत नाही, त्याच्याजवळ आळीपाळीने बसावे लागते. ही आळीपाळी शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी आपसांत ठरवून घ्यावी.